घटकापात्र ते मोबाइल : चढत्या वेळेची गोष्ट



सामायिकाची वेळ बघायला हल्ली बऱ्याच जणी मोबाइलवर टायमर लावतात. त्याचे दोन प्रकार असतात. एकात ४८ मिनिटांपासून आकडा उतरत शून्यावर येतो. दुसऱ्यात शून्यापासून आकडा चढत जातो. आमच्या कळवणला काही जणींना हा चढता टायमर नवीन वाटतो. खरे तर आपल्याकडे तो जुनाच आहे.

आपली बोलीच बघा. आपण ‘घटका भरली’ असे म्हणतो. हा शब्द घटिकापात्रातून आला. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची हलकी वाटी तरंगत सोडायची. तिच्या तळाला बारीक छिद्र असे. त्यातून पाणी हळूहळू आत चढे आणि वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. दिवसरात्रीच्या अशा ६० घटका. दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. आपल्या एका सामायिकाचे माप तेच. लग्नातही घटका अशीच मोजत आणि ती भरली की अंतरपाट दूर होई.

आपल्या आगमांतली मोजणीही चढतीच आहे. सात श्वासोच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव आणि ७७ लवांचा एक मुहूर्त. मी कॉमर्सची, त्यामुळे गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही: ७ × ७ × ७७ म्हणजे ३७७३. याला ४८ ने भागले तर मिनिटाला साधारण ७९ येतात. आज डॉक्टर नाडीचे जे ठोके मोजतात, त्यांच्या जवळचा हा आकडा आहे. म्हणजे मोजायचे साधन आपल्या देहातच होते.

पण चढत्या मोजणीला एक धोका असतो. तो समजायला भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा उपयोगी पडते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ‘लीलावती’ ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, अशी नोंद त्यात आहे. दंतकथा मात्र पुष्कळ नंतरची. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. मुलीच्या लग्नाची नेमकी घटका साधायला वडिलांनी घटिकापात्र लावले. लीलावती कौतुकाने वाकून बघू लागली, तेव्हा तिच्या अंगावरचा एक मोती वाटीत पडला आणि छिद्र बुजले. वाटी भरेना. सगळे वाट बघत बसले आणि मुहूर्त टळून गेला.

ही गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातली अडचण खरी आहे. पाणी अडले तरी वाटीला ते कळत नाही. सुरुवात केव्हा झाली हे दुसरीकडे कुठे नोंदलेले नसेल, तर चूक सापडणार कशी?

मोबाइलमध्येही असा मोती अडकतो. एखादा टायमर दर सेकंदाला फक्त एक मिळवत जातो. पडदा काळा झाला, फोनने बॅटरी वाचवायला ॲप झोपवले, की ही मिळवणी थांबते. तास उलटला तरी आकडा वीस मिनिटांवरच दिसेल. चांगल्या ॲपमध्ये तसे करत नाहीत. सुरुवातीची वेळ एकदाच टिपून ठेवतात आणि पडदा पुन्हा उघडला की आत्ताच्या वेळेतून ती वजा करतात. फोनचे घड्याळ कोणी मागेपुढे केले तरी फरक पडू नये, म्हणून फोन चालू झाल्यापासूनची त्याची आतली मोजणी यासाठी वापरता येते. व्याज लावताना सावकार रोज थोडे थोडे वहीत लिहीत बसत नाही. रक्कम दिल्याची तारीख बघतो आणि दिवस काढतो. तसेच हे.

आता सामायिकाला कोणता बरा? उतरत्या टायमरमध्ये ‘किती राहिले’ हे दिसते आणि शून्य आले की मन उठायची घाई करते. चढत्यात ‘किती झाले’ हे दिसते. ४८ मिनिटे ही सामायिकाची किमान मर्यादा आहे. तिथे थांबलेच पाहिजे असे नाही. वेळ झाल्यावरही आकडा चालू राहतो आणि माळ शांतपणे पुरी करता येते. उपवासही आपण असेच मोजतो: एक झाला, दोन झाले, अठाई झाली, मासखमण झाले. किती राहिले ते तपस्वी मोजत बसत नाही.

सामायिकात मोबाइलला हात लावायचा नाही, असे पुष्कळ ठिकाणी पाळतात. त्यांना रेतीची घडी उत्तमच. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांनी टायमर आधी सुरू करावा, आवाज बंद करून फोन हाताला लागणार नाही असा समोर ठेवावा आणि मगच पच्चक्खाण घ्यावे. सुरुवातीची वेळ एका चिठ्ठीवरही लिहून ठेवावी. मोती कुठेही अडकला तरी ती चिठ्ठी खरी वेळ सांगेल.