स्वच्छ कक्षांतील हवेची प्रतवारी : एका मापाचा इतिहास

विज्ञानातील मापे निसर्गात आयती सापडत नाहीत. गरज आणि साधने यांच्या मेळातून ती घडवावी लागतात. स्वच्छ कक्षांतील हवेची प्रतवारी हे याचे बोलके उदाहरण होय.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत अण्वस्त्रांच्या सूक्ष्म यंत्रभागांची जुळणी करताना धूलिकण हा मोठा अडथळा होऊन बसला होता. सँडिया प्रयोगशाळेतील भौतिकीविद विलिस व्हिटफील्ड यांनी गाळलेली हवा सबंध कक्षातून संथपणे, एकाच दिशेने वाहती ठेवण्याची योजना सिद्ध केली; १९६४ मध्ये तिला पेटंट मिळाले. हवा अशी निर्मळ होऊ लागताच निर्मळपणाची सर्वमान्य परिभाषा आवश्यक ठरली. डिसेंबर १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेडरल स्टँडर्ड २०९’ ने ती पुरविली. एका घनफूट हवेत ०.५ मायक्रॉन वा त्याहून मोठे कण किती चालतील, यावरून १००, १०,००० व १,००,००० असे तीन वर्ग तीत पाडले होते.

पुढे १९९९ मध्ये ‘आयएसओ १४६४४-१’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकी मानक रद्द झाले. नव्या पद्धतीत वर्ग नऊ असून वर्गांक हा दहाचा घात दर्शवितो. पाचव्या वर्गात, एका घनमीटरात, ०.१ मायक्रॉन व त्याहून मोठे कण १,००,००० पर्यंत चालतात, ०.५ मायक्रॉनसाठी ही मर्यादा ३,५२० आहे. जुना १०० चा वर्ग घनमीटरात मांडला तर सुमारे ३,५३० कण येतात. म्हणजे परिभाषा पालटली, तरी मूळ मर्यादा जवळजवळ तशीच राहिली.

तथापि केवळ वर्गांक सांगणे पुरेसे नाही. कोणत्या आकाराचे कण मोजले, आणि कक्ष नुकताच बांधलेला, यंत्रे बसविलेला पण निर्मनुष्य, की प्रत्यक्ष काम चालू असलेला होता, हेही नमूद करावे लागते. कारण माणूस हाच कणांचा एक प्रमुख उगम होय. शिवाय कणांची गणना सजीव-निर्जीव असा भेद करीत नाही. म्हणूनच निर्जंतुक औषधांच्या निर्मितीसाठी युरोपीय नियमांनी ए ते डी अशा श्रेणी ठरवून जीवाणूंच्याही मर्यादा घातल्या.

यावरून निवडीचे तत्त्व उघड होते. वर्ग कक्षाच्या प्रतिष्ठेवरून नव्हे, तर आत चालणाऱ्या क्रियेवरून ठरवावा. गरजेहून कडक वर्ग घेतल्यास हवा गाळण्याचा व खेळविण्याचा खर्च कायमचा मागे लागतो. शिथिल वर्ग घेतल्यास त्याची किंमत सदोष उपकरणाने, आणि औषधाच्या बाबतीत रुग्णाने, मोजावी लागते.