घरात नवा प्लग पॉइंट घेताना : अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

उन्हाळ्याची चाहूल लागताच नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांतील घरांतून कूलर बाहेर निघतात. त्यांच्या टाक्या धुतल्या जातात, वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्या बदलल्या जातात. तेथून उत्तरेस सुमारे हजार किलोमीटरवर, हरियाणातील पानिपत परिसरातही त्याच सुमारास हीच लगबग असते. पानिपत शहराबाहेरील काला अंब हे ठिकाण मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ च्या युद्धामुळे ठाऊक आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या पट्ट्यातही उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. हिवाळ्यात मात्र तेथे कडाक्याची थंडी पडते आणि कूलरची जागा हीटर घेतो.

या दोन्ही प्रदेशांतील घरांपुढे एक समान अडचण उभी राहते. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो. त्यासाठी त्याला बाहेरची कोरडी हवा सतत मिळावी लागते. म्हणून तो खिडकीबाहेर, ओसरीत किंवा मागील अंगणात ठेवला जातो आणि नेमक्या त्याच जागी प्लग पॉइंट नसतो. मग आतल्या खोलीतील बोर्डावरून एक वायर खिडकीतून बाहेर ओढली जाते. धातूची टाकी, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी माणूस एकत्र येतात अशा ठिकाणी ही तात्पुरती सोय जीवघेणी ठरू शकते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षी देशात विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला. यात शेत, रस्ता, कारखाना अशा सर्व ठिकाणच्या अपघातांचा समावेश आहे. घरातील अपघात मात्र साध्या दक्षतेने टाळता येण्याजोगे असतात. त्या दृष्टीने नवा पॉइंट घेताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती येथे देत आहोत.

पॉइंट कमी का असतात?

जुन्या घरांचे वायरिंग दिवे आणि पंखे डोळ्यांसमोर ठेवून झालेले असते. प्रत्येक खोलीत एक बोर्ड आणि त्यावर एक लहान सॉकेट, एवढीच त्या काळची गरज होती. ग्रामीण भागात १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एकाच दिव्याची जोडणी दिली जात असे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतही पात्र घरांना एकबिंदू वायरिंग आणि एक एलईडी दिवा देण्याची तरतूद होती. या जोडण्यांमुळे घरात वीज आली. त्यानंतर कूलर, इस्त्री, मिक्सर आणि पाण्याचा पंपही आला. वायर मात्र अनेक ठिकाणी पूर्वीचीच राहिली.

भार किती, हे आधी ठरवावे

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १२९३ या मानकानुसार घरगुती सॉकेट प्रामुख्याने ६ आणि १६ अँपिअर अशा दोन क्षमतांचे असतात. जुने लोक त्यांना अजूनही ५ आणि १५ अँपिअरचे म्हणून ओळखतात. लहान सॉकेटवर कमाल सुमारे १३८० वॅट, तर मोठ्या सॉकेटवर सुमारे ३६८० वॅट भार घेता येतो. पण ही केवळ सॉकेटची क्षमता झाली. त्यामागील वायर तेवढी सक्षम नसेल, तर भिंतीवर मोठा सॉकेट बसवून काहीच साधत नाही. उलट, तो अधिक भार जोडण्यास निमंत्रण देतो.

सामान्य घरगुती कूलरला दोनशे वॅटच्या आसपास वीज लागते, म्हणजे एक अँपिअरपेक्षाही कमी. हजार वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते. दोन हजार वॅटचा गिझर किंवा खोली गरम करणारा हीटर मात्र ८.७ अँपिअर घेतो. त्यामुळे कूलरसाठी घेतलेला पॉइंट हिवाळ्यात हीटरसाठी वापरला जाणार असेल, तर त्याची आखणी हीटरच्या हिशोबानेच झाली पाहिजे.

दिव्यांच्या वाहिनीवर एकूण दहा पॉइंट किंवा ८०० वॅट यांपेक्षा अधिक भार नसावा, असा वायरिंगमधील प्रस्थापित संकेत आहे. जवळच्या दिव्याच्या बोर्डातून दोन तारा काढून १६ अँपिअरचा सॉकेट जोडणे हे या संकेताच्या सर्वस्वी विरुद्ध आहे. अशा सॉकेटसाठी मुख्य वितरण पेटीतून स्वतंत्र वाहिनी आणावी. त्यासाठी साधारणपणे २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी वापरतात. वातानुकूलन यंत्र किंवा मोठा गिझर असल्यास ४ चौरस मिलिमीटरची वायर घेणे इष्ट. एमसीबी वारंवार पडत असेल तर अधिक क्षमतेचा एमसीबी बसवणे हा उपाय नव्हे. एमसीबीचे काम वायर जळू न देणे हे आहे. त्याची क्षमता वायरच्या क्षमतेपेक्षा वाढवली, की ते संरक्षणच संपते.

काही जुन्या घरांत अजून अॅल्युमिनियमची वायर आहे. तिला तांब्याची नवी वायर नुसता पीळ देऊन जोडू नये. असा सांधा कालांतराने सैल होतो, तापतो आणि आगीचे कारण ठरू शकतो.

तिसरे छिद्र कशासाठी?

सॉकेटला समोरून पाहिल्यास वरचे मोठे छिद्र अर्थचे, उजवीकडील फेजचे आणि डावीकडील न्यूट्रलचे असते. फेजमधून वीज येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. अर्थच्या तारेतून एरवी काहीच वाहत नाही. त्यामुळे ती नसली तरी कूलर चालतो, इस्त्री तापते आणि काही कमी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

बिघाड झाला की तिचे महत्त्व कळते. पंपाच्या किंवा मोटारीच्या वेष्टणातील आवरण खराब झाले, तर फेजचा स्पर्श धातूच्या टाकीला होतो. अर्थची तार शाबूत असल्यास वीज त्या मार्गाने निघून जाते. ती नसल्यास संपूर्ण टाकी २३० व्होल्टवर राहते आणि तिला हात लावणारा माणूसच विजेचा जमिनीकडील मार्ग बनतो. ओल्या त्वचेमुळे शरीराचा विरोध एक हजार ओहमपर्यंत खाली आला असेल, तर त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडवण्यास याहून बराच कमी प्रवाह पुरेसा असतो.

प्लगची अर्थ पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, ती याच कारणासाठी. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. ही पिन कापून तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत बसवणे, किंवा प्लगच नसल्याने उघड्या तारा काडीने सॉकेटमध्ये खोचणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

याहून घातक प्रकार डोळ्यांना दिसत नाही. घरात अर्थची तार नसल्यास सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका लहान तुकड्याने जोडून दिले जातात. तपासणीच्या दिव्याने पाहिल्यास अर्थिंग असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात अशा जोडणीत न्यूट्रलची तार कोठे तुटली, तर उपकरणात कोणताही बिघाड नसतानाही त्याच्या धातूच्या बाह्यभागात वीज उतरते. नवा पॉइंट पूर्ण झाल्यावर अर्थची हिरवी तार थेट वितरण पेटीतील अर्थच्या पट्टीपर्यंत गेली आहे का, हे घरमालकाने स्वतः विचारून घ्यावे.

केवळ जमिनीत सळई पुरली म्हणजे झाले?

अंगणात सळई किंवा पाइप पुरून त्याला तार जोडली की अर्थिंग झाले, असा समज आहे. हिशोब केल्यास त्याची मर्यादा ध्यानात येते. समजा, त्या सळईचा जमिनीशी विरोध १० ओहम आहे. बिघाड झाल्यावर तिच्यातून साधारण २३ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहावर तत्काळ पडत नाही. त्याला बराच वेळ लागू शकतो आणि तोवर टाकीत वीज राहते. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की विरोध आणखी वाढतो. म्हणजे कूलर सर्वाधिक चालतो, त्याच दिवसांत सळईचा उपयोग सर्वांत कमी होतो.

ही उणीव आरसीसीबी हे उपकरण भरून काढते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, याची ते सतत तुलना करते. ३० मिलिअँपिअर क्षमतेच्या आरसीसीबीमध्ये एवढी तफावत आढळली, तर ते सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत पुरवठा खंडित करते. तफावत अधिक असल्यास त्याहूनही लवकर. बाजारात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचीही उपकरणे मिळतात. माणसाच्या संरक्षणासाठी मात्र ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे. आरसीसीबी हा अर्थिंगला पर्याय नाही, तसेच ते वायरचे अतिभारापासून संरक्षणही करत नाही. एमसीबी, अर्थिंग आणि आरसीसीबी ही तिन्ही आपापल्या जागी आवश्यक आहेत.

काम कोणी करावे?

दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच पूर्वीप्रमाणेच बदलणे आणि वायरिंगमध्ये भर घालणे यांत कायदा फरक करतो. भारतीय विद्युत नियम १९५६ मध्ये हा भेद होता. वीज कायदा २००३ च्या अंतर्गत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि त्यानंतर २०२३ मध्ये केलेल्या सुरक्षा विनियमांतही तो कायम आहे. वायरिंगमधील भर किंवा फेरबदल राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याकडूनच व्हावयास हवे. नवा प्लग पॉइंट या वर्गात मोडतो. काम पाहिजे तसे सांगणाऱ्याला परवाना दाखवण्याची विनंती करण्यात संकोच नसावा.

एकूण भार मंजूर भारापेक्षा वाढणार असेल तर वीज वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात ही कंपनी महावितरण आहे, तर पानिपत जिल्ह्यात उत्तर हरियाणा बिजली वितरण निगम. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची आणि मीटरनंतरच्या वायरिंगची ग्राहकाची असते. भाड्याच्या घरात मालकाची आणि इमारतीत आवश्यक तेथे गृहनिर्माण संस्थेची संमती घ्यावी.

काम करवून घेताना

- काम सुरू होण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा आणि इन्व्हर्टर असल्यास त्याचा पुरवठाही तोडावा. मुख्य स्विच बंद असतानाही इन्व्हर्टरची वीज तारांत असू शकते.
- भिंतीतील नळी सरळ उभी किंवा आडवी न्यावी, तिरपी नेऊ नये. पुढे कोणी खिळा ठोकताना वायर कोठून गेली असेल याचा अंदाज येतो. तुळई आणि खांब यांत खाच पाडू नये.
- ओसरी किंवा अंगणातील सॉकेट पावसाचे पाणी आणि कूलरचे तुषार यांपासून दूर, झाकण असलेल्या पेटीत बसवावा.
- लहान मुले असलेल्या घरात आत पडदा असलेला सॉकेट घ्यावा. वायर, सॉकेट आणि एमसीबी यांवरील आयएसआय चिन्ह पाहावे.
- स्विच फेजवरच असावा. तो न्यूट्रलवर जोडल्यास बंद केल्यानंतरही उपकरणात वीज राहते.
- काम संपल्यावर वायरच्या आवरणाची मेगरने चाचणी करून घ्यावी. विरोध किमान १ मेगाओहम असावा. अर्थ सलग आहे, याचीही तपासणी व्हावी.
- नव्या वाहिनीची नोंद वितरण पेटीच्या झाकणावर ठळक अक्षरांत करावी.

नंतरची दक्षता

आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पुरवठा खंडित होतो का, हे पाहावे. होत नसेल तर उपकरण त्वरित बदलावे. सॉकेट गरम लागणे, जळका वास येणे, प्लग सैल बसणे किंवा टाकीला हात लावताच झिणझिण्या येणे, या सूचना आहेत. ‘थोडीशीच वीज लागते’ असे म्हणून त्या सोडून देऊ नयेत.

कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी केवळ स्विच बंद करून थांबू नये, प्लग काढून ठेवावा. हे काम बहुधा घरातील स्त्रिया किंवा मुले, पाण्याची बादली हाती घेऊन आणि अनवाणी करतात. घरातील प्रत्येकाला ही सवय लावणे म्हणूनच आवश्यक आहे. कोणाला धक्का बसलाच, तर त्या व्यक्तीला हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करावा आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. पुरवठ्यातील बिघाडाची तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवता येते.

स्वतंत्र वायर, अर्थिंग आणि आरसीसीबी यांमुळे नव्या पॉइंटचा खर्च निश्चितच वाढतो. खिडकीतून ओढलेली वायर स्वस्त पडते, हेही खरे. पण ती वायर निवडताना घरातील माणसांची सुरक्षितता पणाला लावली जाते, याचा विचार उन्हाळ्यापूर्वीच झालेला बरा.