पडद्यावरचे घर आणि राहते घर



बोनस आणि पगारवाढ यांवर बोलणाऱ्या माणसांनी शिरगावात येऊन सिनेमातल्या दिवाणखान्यावर का बोलावे, असे कोणी विचारील. परंतु आम्हांस कामगारबंधूंच्या वास्तुशांतीची बोलावणी येतात. तेथे गेले की पडद्यावर पाहिलेल्या हवेल्याच दोन खोल्यांत उतरलेल्या दिसतात. म्हणून हा विषय.

महाराष्ट्रात ही कला सुतार आणि रंगारी यांच्या हातून वाढली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे मिस्त्री घराण्यातले. चुलतभाऊ आनंदरावांसह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिचा 'सैरंध्री' १९२० साली आला. पाठीमागे रंगवलेला पडदा टांगावा, ही त्या वेळची चाल. बाबूरावांनी त्याऐवजी भिंती, खांब, दारे खरोखर उभी केली. मग १९२५ साली 'सावकारी पाश' निघाला. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात गिरणीवर जातो, अशी ती कथा; शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. त्यातली झोपडी बाबूरावांनी मंद उजेडात दाखविली. घरातले कर्ज प्रेक्षकाला त्या अंधारातच दिसले.

याच शाळेतून विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल तयार झाले. शांताराम व इतर सोबत्यांसह त्यांनी १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' काढली; १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. कलाविभाग फत्तेलालांकडे. 'प्रभात'ने १९३४ च्या 'अमृतमंथन'साठी देवीचे भव्य मंदिर उभारले, तसेच १९३६ च्या 'संत तुकाराम'साठी तुकोबांचे साधे घरही उभारले. मंदिर पाहून डोळे दिपतात. घर पाहिल्यावर तेथे राहणारी माणसे कळतात.

मुंबईत एम. आर. आचरेकरांनी १९५१ च्या 'आवारा'त न्यायाधीशाच्या बंगल्याला ऐटदार जिना दिला. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'चा शीशमहाल तर सर्वांना ठाऊक आहे. पुढे 'लगान' आणि 'देवदास'चे कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली आपल्याच रेल्वेमार्गावरच्या कर्जतजवळ स्टुडिओ उभारला. २०२३ साली ते गेले. अशी वैभवे पाहून आपलेही घर सजवावे असे वाटले, तर त्यात गैर काही नाही. कष्टकऱ्याला सुंदर घर नको असते, हे आम्ही कधीच मानलेले नाही.

तथापि सेट कसा बांधतात, हे आधी समजून घ्यावे. पुष्कळदा त्याला छत नसते, कारण दिवे वर असतात. एक भिंत नसते, कारण तेथे कॅमेरा असतो. दगड म्हणून दिसतो तो प्लास्टर, आणि चित्रीकरण संपले की सारे मोडून टाकतात. तेथे कोणाला पावसाळा काढायचा नसतो, की पोरांचा अभ्यास घ्यायचा नसतो.

आमच्या एका सहकाऱ्याने पतपेढीचे कर्ज काढून असाच दिवाणखाना केला. नक्षीचे छत इतके खाली आले की पंखा काढावा लागला. खिडकीवर कोरीव फळी बसली, तेव्हा भर दुपारी दिवा लागू लागला. तीन वर्षांनी ओल येऊन नक्षी गळली. हप्ते मात्र चालूच होते. त्या मंद उजेडात बसलो असता आम्हांस 'सावकारी पाशा'तली झोपडी आठवली.

मग सिनेमाकडून घ्यावे ते काय? उजेड कोणत्या बाजूने येतो, हे प्रथम पाहावे. माणूस बसतो त्याच्या मागची भिंत शांत रंगाची असावी. डोळा जाईल अशी एकच वस्तू ठेवावी; आजीचा पितळी डबाही त्या जागी शोभतो. चांगला कलादिग्दर्शक आधी विचारतो की येथे राहते कोण. हाच प्रश्न आपण सुताराला बोलावण्यापूर्वी स्वतःला विचारावा. यांपैकी पहिल्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी पडद्यावर महाल दिसला, तर शेवटची नामावली संपेपर्यंत जागेवरून उठू नका. तो महाल सुतार, मोल्डर आणि रंगारी यांनी उभा केलेला असतो. त्यांतले पुष्कळजण त्या रात्री एका खोलीच्या घरी परततात.