स्वतःच्या वेबसाईटवरून जाहिरातींचे उत्पन्न : मराठीत लिहिणाऱ्या तरुणांसाठी माहिती

आपले अनेक तरुण फेसबुकवर रोज लिहितात. तिथे पान बंद झाले की अनेक वर्षांचे लेखन एका दिवसात नाहीसे होते. स्वतःच्या वेबसाईटवर लेखन आणि जाहिरातीची जागा दोन्ही आपल्या ताब्यात राहतात. मात्र उत्पन्नाचा हिशोब आधी समजून घ्यावा.

पैसा कुठून येतो?

लहान वेबसाईटसाठी सर्वांत परिचित मार्ग म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेली गुगल अॅडसेन्स ही सेवा. मराठी मजकुराच्या वेबसाईटलाही ती मिळते. आपण फक्त जागा देतो, जाहिरातदार गुगल आणते. गुगल अॅड्समधून आलेल्या जाहिरातदाराने दिलेल्या रकमेपैकी सुमारे ६८ टक्के वेबसाईट मालकाला मिळतात. पूर्वी मोबदला मुख्यतः क्लिकवर मिळे. २०२४ पासून तो जाहिरात दिसण्यावर मोजला जातो.

हिशोब कसा करावा?

एक हजार वेळा पाने पाहिली गेल्यावर होणाऱ्या कमाईला ‘आरपीएम’ म्हणतात. समजा, आरपीएम ४० रुपये आहे आणि रोज १,००० वेळा पाने पाहिली जातात. महिन्याला ३०,००० वेळा, म्हणजे उत्पन्न १,२०० रुपये. एवढ्यावर घर चालत नाही, पण डोमेन आणि होस्टिंगचा खर्च निघू शकतो. विषय, वाचकाचा देश आणि हंगाम यांनुसार आरपीएम बदलतो. स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्ती, शेती, कायदा अशा विषयांवरचे उपयुक्त लेख वर्षानुवर्षे शोधून वाचले जातात. रोजच्या बातमीचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे असते.

तयारी

- स्वतःच्या नावाने डोमेन घ्या. वेबसाईट बनवणाऱ्याच्या नावावर ते ठेवू नका.
- वर्डप्रेस किंवा ब्लॉगरवर सुरुवात करता येते.
- स्वतः लिहिलेले पुरेसे लेख, संपर्काचे पान आणि गोपनीयता धोरण तयार ठेवा. मगच अर्ज करा.
- अर्जदाराचे वय १८ पूर्ण हवे.

पैसे हातात कधी येतात?

खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी टपालाने पिन येतो. म्हणून पत्ता पिनकोडसह अचूक लिहा. १०० डॉलर पूर्ण झाल्यावर पुढील महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान रक्कम पाठवली जाते. तोवर पैसे खात्यातच राहतात. वरच्या उदाहरणात डॉलर ८५ रुपये धरला तर १०० डॉलर जमायलाच सात-आठ महिने लागतील. ही मिळकत करपात्र उत्पन्नात मोजली जाते. नोंद ठेवा आणि सीएचा सल्ला घ्या.

खाते कशाने बंद पडते?

स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणे, किंवा ‘जाहिरातीवर क्लिक करून चळवळीला मदत करा’ असे व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाहन करणे, दोन्ही नियमबाह्य आहेत. हेतू चांगला असला तरी कारवाई होते आणि जमलेली रक्कमही जाऊ शकते. इतरांचे लेख उचलून टाकणेही धोक्याचे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट असतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क २०१६ अखेर संपला. पण नव्या अनुवादांचा आणि प्रस्तावनांचा हक्क त्यांच्या लेखकांकडे असतो.

नको त्या जाहिराती

अंधश्रद्धेविरुद्धच्या लेखाखाली ज्योतिषाची जाहिरात दिसली, तर वाचकाचा विश्वास उडतो. अॅडसेन्सच्या ‘ब्लॉकिंग कंट्रोल्स’मध्ये ज्योतिष, राजकारण असे वर्ग आणि विशिष्ट जाहिरातदारांच्या वेबसाईट बंद करता येतात. उत्पन्न थोडे घटेल, पण हे पहिल्याच दिवशी करा.

एकाच दारावर विसंबू नका

१९२० साली ‘मूकनायक’ सुरू झाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. आज जाहिरातीची जागा आपली असू शकते, पण जाहिराती पुरवणारी कंपनी आपली नाही. म्हणून परिसरातील पुस्तक विक्रेते, प्रकाशक, अभ्यासिका आणि छोटे व्यावसायिक यांच्याकडून थेट जाहिराती घ्या. दर आणि मुदत लेखी ठरवा, जाहिरातीवर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहा आणि वाचकांच्या ऐच्छिक वर्गणीचा हिशोब वेगळा ठेवा. पहिले वर्ष जाहिरातीच्या पैशावर अवलंबून राहू नका. त्या काळात आठवड्याला दोन चांगले लेख नियमाने द्या.