पत्ते, जादूगार आणि प्रामाणिक फसवणूक

बार्शीटाकळीत बोलायचं म्हणजे सुरुवात आपल्या देवळापासूनच करायला हवी. इथल्या देवीच्या जुन्या देवळात शके 1098 चा, म्हणजे इ.स. 1176 च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात हेमाद्रिदेवाचं नाव आहे. (हा आपला हेमाडपंत नव्हे, तो पुढच्या शतकातला.) इतिहास असाच लिहिला जातो. राजाचं नाव दगडात कोरलं जातं. त्याच देवळासमोर जत्रेत डमरू वाजवणाऱ्या मदाऱ्याचं नाव मात्र कुठेच राहत नाही. आज मी त्या बिननावाच्या माणसाबद्दल बोलणार आहे.

माझा त्यात स्वार्थ आहे. आयुष्यभर मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी गणपतीत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, कधी लग्नघरी जादूचे प्रयोग केले. खिशात पत्त्यांचा कॅट नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. सहकारी म्हणायचे, "सर, सकाळी सत्य शिकवता आणि संध्याकाळी लोकांना फसवता!" या टोमण्याचं उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली. ते उत्तर मला शंकराचार्यांकडे सापडलं.

ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात पहिल्याच अध्यायात आचार्य एका मायावीचा दाखला देतात. ढाल-तलवार घेऊन दोरावरून आकाशात चढणारा जो दिसतो तो वेगळा, आणि खरा मायावी जमिनीवरच उभा असतो तो वेगळा. माण्डूक्यकारिकांवरच्या भाष्यात हाच खेळ सविस्तर येतो : योद्धा दोरावर चढतो, दिसेनासा होतो, तुकडे होऊन पडतो आणि पुन्हा उठून उभा राहतो. म्हणजे हजारभर वर्षांपूर्वी हा खेळ वाचकांना इतका परिचित होता की जगाचं मिथ्यात्व समजावायला तो उपयोगी पडला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्या अध्यायातलं एक विधान. आचार्य म्हणतात, आपणच पसरलेल्या मायेचा मायावीला तिन्ही काळांत स्पर्श होत नाही, कारण ती वस्तूच नाही. जादूगाराची यापेक्षा चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. जो स्वतःच्या मायेत सापडला, किंवा सापडल्याचं सोंग करू लागला, तो जादूगार राहत नाही. त्याचा बुवा होतो.

आता या दोराची पुढची गंमत ऐका. 8 ऑगस्ट 1890 रोजी अमेरिकेतल्या 'शिकागो ट्रिब्यून'ने बातमी छापली : दोन अमेरिकन तरुणांनी हिंदुस्थानात दोरावर चढणारा मुलगा पाहिला, एकाने चित्र काढलं, दुसऱ्याने फोटो घेतला, चित्रात मुलगा आला, फोटोत आलाच नाही. अर्थात फकिराने सगळ्यांना संमोहित केलं होतं! बातमी जगभर गेली. चारेक महिन्यांनी त्याच वर्तमानपत्राने कबूल केलं की हे सगळं रचलेलं होतं. फोटो काढणाऱ्याचं नाव होतं फ्रेड एस. एलमोर. भरभर म्हणून पाहा : 'सेल मोअर', जास्त खपवा! खुलासा फारसा कुणी वाचला नाही, दंतकथा राहिली. फसवणूक इथेही झाली, पण ती करणारा हातात वर्तमानपत्र घेऊन उभा होता, आणि बदनाम झाला तो आपला रस्त्यावरचा खेळ करणारा.

दोराकडून पत्त्यांकडे येऊ, कारण माझं घर पत्त्यांवर उभं आहे. (हे वाक्य बायकोसमोर म्हणत नाही.) पत्ते आपल्याकडे आले ते गंजिफाच्या रूपात. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्यांचं वर्णन केलं आहे. मुघली गंजिफात आठ रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 96. आपल्या मातीत आल्यावर त्यात दशावतार शिरले : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी 120 गोल पानं. महाराष्ट्रात ही कला टिकली ती कोकणात, सावंतवाडीच्या चितारी घरांत. चिंचोक्याची खळ, लाख, रंग आणि बारीक कुंचला. ती मोडीत निघत होती तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती जगवली. डाव दिवसा असेल तर रामाच्या पानाने सुरू होतो, रात्री असेल तर कृष्णाच्या. खेळताना देवाचं नाव घेतलं जातं आणि पुढच्याच क्षणी देव सतरंजीवर आपटला जातो. कुणाच्या भावना दुखावत नाहीत, कारण हा डाव आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

जादूगार म्हणून मला मात्र गंजिफा कधी वश झाला नाही. गोल पानाला कोपरे नसतात. हाताच्या मागे पान लपवायचं तर ते कोपऱ्यांवर बोटांत धरावं लागतं. विलायती छापील चौकोनी पत्ते स्वस्त झाले आणि हातचलाखीला नवं शेत मिळालं. बावन्न पानं, पण त्यांचे क्रम किती? आठावर सदुसष्ट शून्यं, साधारण इतके. तुम्ही कॅट नीट पिसलात, तर तो क्रम जगात आधी कधी लागलाच नसण्याची खात्री बाळगायला हरकत नाही. पर्सी डायकॉनिस हा तरुणपणी फिरता जादूगार होता, पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. त्याने डेव्ह बायर यांच्याबरोबर 1992 मध्ये दाखवलं की दोन भाग करून एकमेकांत पिसण्याच्या रीतीने सातेक वेळा पिसलं की पत्ते पुरेसे मिसळतात. उलट, बरोब्बर अर्धे करून, वरचं पान वरच ठेवून, एकाआड एक अचूक आठ वेळा पिसले की कॅट मूळ क्रमावर येतो. लोकांना वाटतं पत्ते मिसळले. हाताला ठाऊक असतं की काहीच हललं नाही. शंकराचार्यांचा मायावी इथेही जमिनीवरच उभा आहे.

आता मुद्द्यावर येतो. फसवणूक दोन प्रकारची. एकीत आधी करार होतो : 'मी तुम्हाला फसवणार आहे, बघा पकडता येतं का.' दुसरीत करारच नसतो. आपल्या कायद्याने हा फरक कधी ओळखला, कधी नाही. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा 1959 चा मुंबई कायदा पाहा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी पैसे मागणं हीसुद्धा त्यात भीकच. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत डांबण्याची तरतूद. पुण्याचे जादूगार रघुवीर नाट्यगृहात तिकीट लावून खेळ करत, ते कलावंत. बाजारात चादर पसरणारा मदारी मात्र भिकारी! या कायद्याला फक्त पसरलेला हात दिसला.

दुसरा कायदा 2013 चा. 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, पाठोपाठ वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या नावात 'जादू' आहे म्हणून आमच्यातले काही बिचकले. पण तो पत्त्यांवर नाही, दाव्यावर बोट ठेवतो. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणं, घाबरवणं हा गुन्हा. प्रश्न बरोबर विचारला : हात काय करतो हा नव्हे, तोंड काय सांगतं हा.

हे मला पुस्तकाने नाही, एका म्हातारीने शिकवलं. इथून जवळच्याच एका गावात प्रयोग संपला. मी रिकाम्या मुठीतून राख काढून दाखवली होती. ती नातवाला कडेवर घेऊन आली.

"बापू, याचा ताप उतरत नाई. राख काढली, आता ताप काढा."

"माय, हे हातचलाखी हाय."

"ते लोकाईसाठी सांगता तुमी. मले खरं सांगा."

माझा करार तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. युक्ती फोडायची नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. त्या रात्री मी तो मोडला. बदामाची राणी हातात घेतली, नाहीशी केली आणि मग हात उलटा करून बोटांमागे अडकलेलं पान तिला दाखवलं. राख कुठून आली तेही दाखवलं. ती क्षणभर गप्प बसली, थोडी चिडलीसुद्धा. मग म्हणाली, "असं हाय होय! मंग दवाखान्यातच नेतो याले."

तेव्हापासून मी प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटीही, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगतो की हा खेळ आहे. टाळ्या थोड्या कमी पडतात. पडू देत.

सहकाऱ्यांच्या टोमण्याला माझं उत्तर हेच. सकाळी मी माया म्हणजे काय ते शिकवत होतो, संध्याकाळी ती करून दाखवत होतो. दोन्हीकडे मी जमिनीवर उभा आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढीच अट. ती अट बाजारातला मदारीही पाळत होता. 'पापी पेट का सवाल है' असं तो उघड सांगायचा, देव अंगात आलाय असं नाही. त्याचं नाव दगडावर नाही. निदान त्याला भिकारी तरी म्हणू नका.

इथे थांबतो.