फातिमापासून दिव्यापर्यंत

बीडमध्ये राहून मला बायकांच्या बुद्धिबळाचा नाद लागला आहे, हे ऐकून लोक आधी हसतात. मग विचारतात, "तुम्ही खेळता का?" खेळतो, पण वाईट. माझे काम बातम्या जमवण्याचे. क्रिकेटच्या मोठ्या मथळ्याखाली, पानाच्या तळाशी बारीक टायपात निकाल छापून यायचे. ते मी कापून वहीत चिकटवत आलो. कवितेच्या वह्या हरवल्या, ही वही आहे.

सुरुवात १९८१ सालची. बीड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे आमच्या दादाअब्बांचा जीव हैदराबादेत अडकलेला, आणि तिथले उर्दू वर्तमानपत्र घरी येत असे. त्या वर्षी हैदराबादेत महिलांची आशियाई स्पर्धा झाली. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर हिने १२ डावांत साडेअकरा गुण मिळवले, एकही डाव हरली नाही. दादाअब्बांनी ती बातमी मोठ्याने वाचली. ती बैठकीतल्या मित्रांसाठी होती, की आतल्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्या फुफीसाठी, हे मला तेव्हा कळले नाही.

कारण असे, की फुफी दादाअब्बांपेक्षा चांगली खेळायची. शिकली दाराआडून बघूनच. बैठकीत कापडी पट मांडलेला असे, देशी नियमांचा डाव चाले. प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर जाणार, राजाला एकदा घोड्याची उडी. डाव अडला की दादाअब्बा म्हणायचे, "जरा पाणी पिऊन येतो." परत आले की अशी चाल करायचे, की समोरचा गप्प. मित्रांना सारे ठाऊक होते. "तुमच्या घरचं पाणी भारी आहे," असे ते म्हणत. पण फुफी कधी पटासमोर बसली नाही. तिने जिंकलेले सगळे डाव दादाअब्बांच्या नावावर गेले.

खाडिलकर भगिनींचे वेगळे. त्या नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पणत्या, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची जवळजवळ दहा वर्षे हे अजिंक्यपद बहुतेक त्या एकाच घरात फिरत राहिले. रोहिणी १९७६ साली, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः माजी जगज्जेते होते, त्यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला बाई म्हणून वगळता येणार नाही. तरी दहा वर्षांनी हंगेरीच्या सुसान पोल्गारला तेच भोगावे लागले. पात्र ठरूनही १९८६ साली तिला पुरुषांच्या विश्वविजेतेपदाच्या वाटेवर पाऊल टाकू दिले नाही. पोल्गारही तिघी बहिणी. जग त्यांना ओळखते. आमच्या तिघी त्यांच्याआधीच्या, हे इथेही फार जणांना माहीत नाही.

याच्याही मागे जायचे तर मिस फातिमा. पंजाबातले बडे जमीनदार सर उमर हयात खान आपल्या लवाजम्यासह विलायतेला गेले. त्यात त्यांचा चाकर मीर सुलतान खान होता. त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. त्याच लवाजम्यात फातिमा नावाची तरुण मुलगी होती, तीही नोकरच. १९३३ साली हेस्टिंग्जला सुलतान खान पुरुषांत पहिला आला आणि फातिमा बायकांत पहिली. दुसरी आलेली बाई तिच्यापेक्षा तब्बल तीन गुणांनी मागे होती. मग मालक मायदेशी परतले आणि फातिमाही स्पर्धांतून नाहीशी झाली. नोंदींत तिचे पूर्ण नावसुद्धा सापडत नाही, नुसते 'मिस फातिमा'. २०२४ साली जागतिक महासंघाने सुलतान खानला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. ती बातमी मी दोनदा वाचली. फातिमाचे नाव त्यात नव्हते.

आपण मराठीत अजून 'वजीर' म्हणतो, तेही बघा. जुन्या शतरंजात तो तिरपे एकेक घर चालणारा गरीब मंत्री होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची राणी झाली आणि साऱ्या पटावर धावू लागली. आपण तिची चाल उचलली, नाव मात्र पुरुषाचेच ठेवले.

माझ्या वहीत पुढे बरीच नावे आहेत. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले, दोघी पद्मश्री, दोघी पाच-पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. मग आंध्रची कोनेरू हम्पी. २००२ साली पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. महिला ग्रँडमास्टर नव्हे, पुरुषांना मिळतो तोच किताब. तिची कात्रणे सगळ्यांत जास्त.

म्हणूनच २०२५च्या जुलैत माझी पंचाईत झाली. जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत एकीकडे हम्पी, दुसरीकडे नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. जॉर्जिया म्हणजे नोना गाप्रिंदाश्विलीचा देश. तिथे पूर्वी मुलीच्या रुखवतात बुद्धिबळाचा पट देत, असे सांगतात. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली. त्या एका विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली, भारतातली अठ्ठ्याऐंशीवी, आणि बायकांत चौथी. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली. मी मोबाइल हातात धरून बसलो होतो. आनंद झाला, पण हम्पी उठून गेली ती खुर्चीही नजरेसमोरून हलेना.

फुफी आता थकली आहे, डोळ्यांना कमी दिसते. तिला निकाल सांगितला. "समोर कोण होती?" तिने विचारले. "तीही आपलीच," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, तो डाव मांडून दाखव. मी पट अंथरला, मोहरी लावली, आणि पहिले प्यादे दोन घरे पुढे सरकवले. तिने बोटांनी चाचपून ते एक घर मागे घेतले.