त्रिकोणमितीय मापन, वऱ्हाडातील
शिखरावर न चढता, केवळ अंतर व कोन मोजून उंची काढण्याची पद्धती. जमीन हा पाया, वास्तूची उभी रेषा हा लंब आणि शेंड्याकडे जाणारी दृष्टिरेषा हा कर्ण, असा काटकोन त्रिकोण कल्पिल्यास उन्नत कोनाच्या स्पर्शकाला पायाच्या लांबीने गुणून लंब मिळतो. ६० मी. अंतरावरून हा कोन ३०° भरल्यास उंची सु. ३४.६ मी. येते, तीत उपकरणाची जमिनीपासूनची उंची मिळवावी लागते. देवळाच्या कळसाखालचा बिंदू गाभाऱ्यात असतो, तर गाविलगड (अमरावती जिल्हा) व नरनाळा (अकोला जिल्हा) येथील बुरुजांखालचा बिंदू डोंगराच्या पोटात. अशा वेळी एकाच रेषेतील दोन ठिकाणांहून कोन घेतात व त्या ठिकाणांमधील अंतर मोजतात. अंतर फार वाढल्यास साधा त्रिकोण पुरत नाही : ३० किमी.वर पृथ्वीच्या वक्रतेमुळे सु. ७० मी. उंची नजरेआड होते. वातावरणातील अपवर्तनाने त्यापैकी सु. १० मी. भरून निघते.

हेच गणित जमिनीवर आडवे पसरून विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणांची साखळी सुरू केली. ७८° पूर्व रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत ती तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या वऱ्हाडात, एलिचपूर (अचलपूर) भागातील टाकळखेडा येथे (सु. २१° ६′ उ.) पोहोचली. लॅम्ब्टनचा मोठा थिओडोलाइट सु. अर्धा टन वजनाचा होता. तो दक्षिणेत गोपुरांवरही चढविला गेला. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला व काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले.

टाकळखेड्यास अडचण निघाली ती काटकोनाचीच. ताऱ्यांवरून अक्षांश काढताना ऊर्ध्व दिशा ओळंब्याने ठरवितात. परंतु उत्तरेकडील सातपुड्याच्या प्रचंड वस्तुमानाने ओळंबा किंचित तिकडे ओढला जातो. अक्षांशातील एका सेकंदाची चूक जमिनीवर सु. ३१ मी. होते, सर्व खटाटोप पृथ्वीचा आकार ठरविण्यासाठी असल्याने ही चूक क्षुल्लक नव्हती. एव्हरेस्टने १८३० च्या आपल्या ग्रंथात या आकर्षणाचा विचार केला आहे. साखळी सातपुडा ओलांडून सिरोंजजवळील कल्याणपूरपर्यंत (सु. २४° ७′ उ.) गेली. मोठ्या पर्वतांपासून दूर मानलेले हे पठारी ठिकाण पुढे भारतीय सर्वेक्षणाचा आरंभबिंदू झाले. वास्तूंच्या मापनात मात्र ही ओढ जाणवण्याइतकीही नसते.